जोडून सुट्टी, वीस माणसं आणि भरपूर जेवण: यजमानालाही ताटावर बसता येईल अशी तयारी

जोडून आलेल्या सुट्टीत पहिल्यांदा सगळ्यांना घरी बोलावलं, तेव्हा वीस माणसं होती आणि तीन दिवसांत मी बावीस पदार्थ केले. कुणी उपाशी राहिलं नाही, कौतुकही खूप झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात चपला घालताना मावशीने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्याशी बोलायचंच राहिलं बघ." तीन दिवस ती माझ्या घरात होती, आणि मी तिच्याजवळ दहा मिनिटंही बसले नव्हते. ते वाक्य मला फार लागलं.

त्यानंतर हा बेत मी बऱ्याच वेळा केला आहे. आता पदार्थ निम्म्याहून कमी असतात, जेवण मात्र पहिल्यापेक्षा जास्त पुरतं, आणि मी सगळ्यांबरोबर बसून जेवते. हे कसं जमवायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आकडे वीस मोठ्या माणसांचे धरले आहेत. दहा असतील तर निम्मे करा. जिथे नुसता भागाकार-गुणाकार करून चालत नाही, तिथे तसं सांगेन.

आधी माणसं मोजा

दोन आठवडे आधी प्रत्येक घराला तीन प्रश्न विचारा. कधी पोचणार? कधी निघणार? काय खायला चालत नाही? "शनिवारी येतो" एवढं पुरत नाही. शनिवारी दुपारच्या जेवणाला येणार की रात्री उशिरा, यावर पाच-सहा ताटांचा फरक पडतो.

उत्तरं आली की एका कागदावर तक्ता आखा. डाव्या बाजूला तीन दिवसांची सगळी खाणी, उजवीकडे प्रत्येक वेळी घरात असणारी माणसं. हा कागद लिहिला की दरवेळी एक गोष्ट लक्षात येते: वीसच्या वीस माणसं एकत्र फक्त तीन-चार वेळाच जेवतात. बाकी वेळी बारा, चौदा, कधी आठ. "बहुतेक येऊ" म्हणणारे येणार असंच धरा. दहा वर्षांखालच्या मुलांचं जेवण मोठ्यांच्या निम्मं धरलं तरी चालतं.

काय चालत नाही हे विचारताना आवड-नावड आणि ॲलर्जी वेगळी करा. ॲलर्जीच्या यादीत शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे आणि तीळ यांची नावं घेऊन विचारा. नाव घेतलं की माणसाला आठवतं. "थोडंसं लागलं तरी त्रास होतो का?" हेही विचारा. उत्तर "हो" असेल तर त्या माणसाचं ताट सगळ्यांच्या आधी, स्वच्छ चमच्याने वाढून बाजूला ठेवायचं. सगळ्यांच्या हाताखालून गेलेल्या भांड्यात कुठला चमचा कुठे बुडाला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

लहान मुलं येणार असतील तर दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाच्या कानावर घाला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते रुजतात. आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे दाणे, अख्खा सुकामेवा द्यायचा नाही. द्राक्षं उभी चिरून द्यायची. मोठी माणसं गप्पांत असतात आणि मुलं ज्या टेबलावर हात पुरतो तिथून उचलतात, म्हणून वाटी कुठे ठेवतो हेही बघायचं.

दिवसाला एकच मोठं जेवण

माझं सगळं गणित या एका निर्णयावर उभं आहे. सकाळचा नाश्ता ज्याचा त्याने घ्यायचा: फळं, ब्रेड, उकडलेली अंडी, दूध, चहा-कॉफी एका टेबलावर मांडून ठेवायची. सहाला उठणारा सहाला खातो, दहाला उठणारा दहाला. दुपार किंवा रात्र, दोन्हींपैकी एक जेवण मोठं. दुसरं हलकं, आणि त्यात शक्यतो आधीच्या जेवणातलं उरलेलं असावं.

मोठ्या जेवणात पाच पदार्थ. एक पोटभरीचा, म्हणजे भात किंवा ब्रेड. दोन मुख्य, त्यातला एक मांसाशिवायचा. एक कच्चं किंवा थंड काहीतरी. एक गोड. पाचच का? कारण प्रत्येक पदार्थ आपल्याबरोबर एक भांडं, एक डाव, फ्रीजमधली थोडी जागा, शेगडीवरची पाळी आणि धुण्याचं काम घेऊन येतो. बारा पदार्थ केले की प्रत्येक थोडाथोडाच होतो. मग पहिल्या दहा जणांना जे आवडलं ते अकराव्यापर्यंत पोचतच नाही, आणि शेवटी आठ भांड्यांत वाटीवाटीभर उरतं, जे कुणाच्याच ताटाला पुरत नाही. पाच पदार्थ केले की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेता येतं. माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो आणि परत खुर्चीवर टेकतो, तेव्हाच खऱ्या गप्पा सुरू होतात. भरपूर जेवण मला म्हणायचं आहे ते हे.

पदार्थ निवडताना तीन अटी पाळा. पाचांपैकी निदान तीन आदल्या दिवशी करता आले पाहिजेत. आयत्या वेळी शेगडीपाशी उभं राहावं लागेल असा एकच असावा. आणि जो आजवर कधी केला नाही तो वीस माणसांसाठी पहिल्यांदा करायला घेऊ नका. शेगड्या मोजा, ओव्हन असेल तर त्यात एका वेळी काय बसतं ते बघा. तीन शेगड्या असतील आणि बेतात शेवटच्या तासाला चार भांडी येत असतील, तर बेत बदला.

किती लागतं

माणशी मापं अशी धरा. भात मुख्य असेल तर १०० ग्रॅम तांदूळ. बरोबर ब्रेडही असेल तर ७५ ग्रॅम. वीस जणांना दीड ते दोन किलो. शिजल्यावर वजन अडीच ते तीन पट होतं, म्हणजे दोन किलोचा भात पाच-सहा किलो भरतो आणि सात-आठ लिटर जागा घेतो. तो दोन भांड्यांत करा. एकाच मोठ्या भांड्यात खालचा गाळ होतो आणि वरचा कच्चा राहतो.

डाळी-कडधान्यं कोरडी ५० ग्रॅम, म्हणजे एक किलो. बिनहाडाचं मांस १५० ग्रॅम, हाडासकट २५० ग्रॅम. भाजी निवडून-चिरून १५० ग्रॅम. पालेभाजी शिजली की एवढीशी होते, तेव्हा तिचा ढीग बघून फसू नका, दुप्पट घ्या. कच्चं सलाड ८० ते १०० ग्रॅम, गोड १०० ग्रॅम. पिण्याचं पाणी दिवसाला माणशी दोन ते तीन लिटर. उन्हाळ्यात सरबतं आणि थंड पेयं असतील तर अर्धा किलो बर्फ माणशी लागतो, आणि बर्फ हीच गोष्ट लोक हमखास कमी आणतात.

आता गुणाकार कुठे फसतो ते. चार माणसांची कृती पाचपट केली की साहित्य पाचपट लागतं, पण पाणी, मीठ आणि तिखट त्या हिशेबाने वाढत नाही. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते, आणि भांडं पाचपट भरलं तरी तोंड पाचपट रुंद नसतं. म्हणून भातात किंवा रश्श्यात पाणी पाचपट घातलं तर ते जास्त होतं. थोडं कमी घाला, बाजूला गरम पाणी ठेवा, लागेल तसं वाढवा. मीठ-तिखट आधी दोनतृतीयांश, मग चव घेऊन बाकीचं.

वेळेचं गणित मात्र उलटं जातं. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३,१०० किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या मोठ्या शेगडीतून भांड्याला प्रत्यक्ष दीड किलोवॅट पोचतात असं धरलं, तर नुसती उकळी यायला ३५ मिनिटं जातात. दोन लिटरला त्याच शेगडीवर सात मिनिटं पुरतात. "एवढा वेळ का लागतोय" अशी जी धांदल उडते ती इथेच. उपाय सोपा आहे: पाणी दोन-तीन भांड्यांत आणि विजेच्या किटलीत वेगवेगळं तापवून मग एकत्र करा. मात्र किटली, टोस्टर आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

दहा दिवस आधीपासून

दहा दिवस आधी कोरडा माल भरून घ्या आणि मोठी भांडी कुणाकडून आणायची ते ठरवा. याच आठवड्यात फ्रीज रिकामा करत आणा. जुन्या बाटल्या, विसरलेली चटणी, कोरडं पडलेलं चीज, सगळं काढा. वीस माणसांच्या बेतात पैसा आणि वेळ यांच्या आधी फ्रीजची जागा संपते.

पाच दिवस आधी जे गोठवून टिकतं ते करून फ्रीझरमध्ये टाका: सूप, वाटणं, मळून ठेवलेलं पीठ, काही गोड पदार्थ. फ्रीझर उणे १८ अंशांवर आणि फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा. दारावरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता आत एक साधा थर्मामीटर ठेवा. ठासून भरलेल्या फ्रीजमध्ये हवा फिरत नाही आणि मधला कप्पा गरम राहतो.

तीन दिवस आधी गोठलेलं मांस फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवा. अख्ख्या तुकड्याला दर दोन-अडीच किलोमागे एक पूर्ण दिवस धरा. ओट्यावर ठेवून वितळवलं तर बाहेरचा भाग तासन्‌तास गरम राहतो आणि आतला दगडच असतो. खालचा कप्पा अशासाठी की वितळलेलं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकू नये.

आदल्या दिवशी चिरणं, वाटणं, भिजत घालणं. राजमा करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि त्याने जोराच्या उलट्या होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळ उकळी आणून दहा मिनिटं तरी, अर्धा तास असेल तर उत्तम, उकळू द्या. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो नुसता टाकून देऊ नका, तिथलं तापमान पुरत नाही.

पेयांच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू नका. मोठी बादली किंवा टब घ्या, त्यात बर्फ आणि बर्फाच्या बरोबरीने पाणी घाला, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला जागोजागी हवाच लागते. पाणी चहूकडून भिडतं, म्हणून बाटली लवकर गार होते. मिठाने ते पाणी शून्याच्याही खाली जातं. टब स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. निम्मी गर्दी तिथेच जाऊन उभी राहते आणि ओटा मोकळा होतो.

वाया गेलेलं पातेलं

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणाने आदल्या रात्रीच सगळा रस्सा करून ठेवला. दहा लिटरचं पातेलं, अकरा वाजता झालं. "निवू दे, सकाळी फ्रीजमध्ये ठेवू," म्हणून झाकण घालून ओट्यावर ठेवलं आणि झोपले. सकाळी सहाला झाकण उचललं. कडेकडेने बारीक बुडबुड्यांची पांढरट रेघ होती, मध्ये तवंग शांत. एक बुडबुडा माझ्यासमोर वर आला आणि फुटला. वास आंबूस. डाव घालून ढवळलं तर तळातून कोमट वाफ आली. सात तासांनीसुद्धा ते पातेलं आतून कोमट होतं.

तेव्हा मला कळलं की ते का नासलं. उष्णता फक्त पृष्ठभागातून बाहेर जाते. पातेलं जितकं मोठं, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि वर झाकण. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि माझ्या रश्श्याने त्यातच रात्र काढली होती. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि मोठ्या भांड्यात सावकाश निवणारं मांस किंवा रस्सा त्यांना फार मानवतो. भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात. भात बाहेर राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून "परत एक उकळी काढली की झालं" हे खरं नाही. वास येतो म्हणून कळतं असंही नाही. माझं नशीब की त्या दिवशी वास आला.

तेव्हापासून हे नियम मी फ्रीजच्या दारावर लावते.

शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नको. बाहेर ३२ अंशांहून जास्त ऊन असेल तर एकच तास.

मोठं भांडं निववायचं तर अन्न ५ ते ७ सेंटिमीटर उंचीच्या पसरट ताटांत, ट्रेमध्ये ओता. रस्सा असेल तर पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात बसवा आणि ढवळत राहा. पहिल्या दोन तासांत ६० वरून २१ अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांखाली, हे उद्दिष्ट. पूर्ण गार होईपर्यंत फ्रीजबाहेर ठेवायची गरज नाही. वाफ गेली की आत ठेवा, झाकण थोडं उघडं.

वाढायला मोठं भांडं बाहेर आणू नका. छोटी भांडी आणा, संपली की स्वच्छ भांड्यात नवीन आणा. गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. परत गरम करताना ७४ अंश, म्हणजे ढवळत ढवळत मधूनही वाफा येईपर्यंत, आणि जेवढं लागेल तेवढंच, एकदाच. फ्रीजमधलं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा.

कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की शिजली. स्वयंपाकाचा थर्मामीटर ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या सलाडवर उडतात. कच्च्याची पाटी आणि सुरी वेगळी. हात साबणाने २० सेकंद. आणि ज्याला उलट्या-जुलाब झाले आहेत त्याने, कितीही हौस असली तरी, थांबल्यापासून ४८ तास स्वयंपाकघरात येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली: स्वच्छता, कच्चं-शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, योग्य तापमान, सुरक्षित पाणी आणि जिन्नस. त्यातलं घरी सगळ्यात जास्त मोडतं ते चौथं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

"मी काही करू का?"

हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो आणि आपण "नको नको, बसा" म्हणतो. मीही म्हणायचे. विचारणारा माणूस मग संकोचून दारात उभा राहतो, आणि आपण एकटे राबतो. आता मी कामांची यादी कागदावर लिहून लावते, प्रत्येक काम इतकं स्पष्ट की समजावून सांगावं लागू नये: "दहा काकड्या सोलून पातळ चकत्या, निळ्या भांड्यात." "दर अर्ध्या तासाने पाण्याचे जग भरणे." "कचऱ्याची पिशवी बदलणे, दुपारी आणि रात्री." ज्याला हवं ते उचलावं आणि पुढे नाव लिहावं.

वयस्कर माणसांना बसून करण्याची कामं मुद्दाम राखून ठेवा. मागच्या वेळी काकूंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नव्हतं. "मला कुणी काही करूच देत नाही," असं त्या सकाळी हळूच म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे लसणाचे गड्डे भरलेली परात आणि एक रिकामं वाडगं ठेवलं. पाच मिनिटांत भाचीची मुलगी शेजारी येऊन बसली. काकूंनी तिला पाकळी अंगठ्याखाली दाबून साल सुटी कशी करायची ते दाखवलं, मग आणखी दोन मुलं आली. तासाभराने लसूण संपला तरी कुणी उठेना, कारण काकू त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगत होत्या. घरात इतकी वर्षं असून ती मीही ऐकली नव्हती.

भांड्यांचं काम एकावर पडू देऊ नका. सिंकजवळ साबणाच्या पाण्याचा टब ठेवा. चमचे, वाट्या त्यात, खरकटं आधी पिशवीत. तीन-तीन जणांच्या पाळ्या लावा. एक घासणार, एक विसळणार, एक पुसून जागेवर ठेवणार. वीस ताटं वीस-पंचवीस मिनिटांत होतात आणि तिघांच्या गप्पाही होतात.

वाढण्याचं टेबल भिंतीला न चिकटवता मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी रांग जाते आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. सुरुवातीला ताटं, मग भात-ब्रेड, मग मुख्य पदार्थ, शेवटी चमचे आणि रुमाल. चमचे आधी दिले तर प्रत्येक जण एका हातात ते धरून दुसऱ्या हाताने वाढून घेण्याची कसरत करतो. पाणी आणि गोड दुसऱ्या टेबलावर, लांब.

मोठ्या जेवणाचा दिवस

वेळ उलटीकडून मांडा. जेवण दीड वाजता. एक वाजता सगळं शिजलेलं. साडेबाराला भात शेगडीवर. बाराला आदल्या दिवशीचे पदार्थ गरम व्हायला लागलेले. अकराला सलाडचं चिरून तयार, पण मीठ-लिंबू वाढायच्या आधी पाच मिनिटं, नाहीतर पाणी सुटतं. एक ते दीड हा अर्धा तास कोरा ठेवा. काहीतरी उशिरा होतंच, ते या अर्ध्या तासात मावतं. काही उशिरा झालं नाही तर तोंड धुवा, कपडे बदला.

जेवणानंतरचे तीन तास काहीही ठरवू नका. एक खोली झोपणाऱ्यांसाठी, दार लोटून, पडदे ओढून. दुसरीकडे पत्ते, गाणी, पसारा. मुलांना बाहेर मोकळी जागा मिळाली तर त्यांना मोठ्यांची गरज लागत नाही, फक्त एकाने पाळीने लक्ष ठेवावं. पाण्याजवळ असाल तर हे लक्ष अक्षरशः नजर न हटवता, फोन खिशात ठेवून.

राहण्याचं थोडक्यात. अंथरुणं-पांघरुणं एक जास्त ठेवा. अंघोळीच्या पाळ्या आदल्या रात्री ठरवा, लांब जाणारे आधी. औषधं मुलांच्या हाताबाहेर, पण घेणाऱ्याला सापडतील अशी. मधुमेह असणाऱ्यांची जेवायची वेळ विचारून ठेवा आणि मोठं जेवण लांबलं तरी त्यांना वेळेवर खायला द्या.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी नवीन काही शिजवू नका. फ्रीज उघडा, सगळं टेबलावर मांडा, ज्याला जे हवं ते गरम करून घेऊ द्या. हे जेवण मला सगळ्यांत आवडतं. कुणी भातावर कालचं सलाड घेतं, कुणी नाश्त्याला गोड.

डबे द्यायचे तर त्यासाठी वेगळे डबे आधीच जमवून ठेवा, परत मागायची आठवण राहू नये असे. झाकणावर कागदाची पट्टी: काय आहे, कधी केलं. प्रवास दोन तासांपेक्षा लांबचा असेल तर भात, मांस, दुधाचं काही देऊ नका. दिलं तर बर्फाच्या पिशवीसकट थंड पेटीतच. लांबच्या लोकांना फळं, ब्रेड, कोरडं गोड द्या. तापलेल्या गाडीत ठेवलेला डबा ओट्यावरच्या पातेल्यापेक्षा वाईट.

सगळे गेले की आवरायच्या आधी पाच मिनिटं बसा आणि वहीत लिहा. काय संपलं, काय उरलं, कुठे अडलं. आठवड्याने आठवत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असं आहे:

भात २ किलो केला, मोठं वाडगंभर उरला, पुढच्या वेळी पावणेदोन. बर्फ पुन्हा कमी पडला, १२ किलो आणणे. काकडी १० पुरल्या नाहीत. लसूण काकूंसाठी राखून ठेवणे. मावशी सहाला उठते, दोन कप चहा. तेव्हा घरात कुणी जागं नसतं, गजर पावणेसहाचा.